पान्यावरचं नाव आणि पान्यातलं पोलाद

घरची गाडी घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करणाऱ्या अमेरिकन माणसाला ‘क्राफ्ट्समन’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र हे नाव कुठल्या कारखान्याचं नव्हतं, ते सीअर्स या दुकानसाखळीचं होतं. १९२७ साली सीअर्सने ते मॅरियन-क्राफ्ट्समन टूल कंपनीकडून ५०० डॉलरला विकत घेतलं. पुढे २०१७ मध्ये स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर कंपनीने तेच नाव सुमारे ९० कोटी डॉलरला घेतलं. सीअर्स मुळात दुकानदार. पाने, पकडी, रॅचेट घडवत होते ते दुसरेच कारखाने, आणि ते वेळोवेळी बदलत गेले. ग्राहकाच्या हातातल्या पान्यावर नाव मात्र कायम एकच राहिलं.

दुकानाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हत्यारांची ही खरी गोम आहे. लोवेज या साखळीचं ‘कोबाल्ट’, होम डेपोचं ‘हस्की’, हार्बर फ्रेटची ‘पिट्सबर्ग’, ‘क्विन’ आणि ‘आयकॉन’, कॅनडातल्या कॅनेडियन टायरचं ‘मास्टरक्राफ्ट’, ब्रिटनमधल्या हॅलफर्ड्सचं ‘ॲडव्हान्स्ड’ या सगळ्यांची पद्धत साधारण सारखी असते. दुकान दर्जा आणि किंमत ठरवतं, कुणाकडून तरी माल घडवून घेतं, त्यावर आपलं नाव उठवतं आणि मोडलं तर बदलून देण्याची हमी देतं. असा माल वाईटच असतो हा समज चुकीचा आहे, आणि नाव चांगलं म्हणजे माल चांगला हाही तितकाच चुकीचा. दर्जा ठरतो तो पान्याच्या तोंडाच्या मापावर आणि आतल्या पोलादाला दिलेल्या पाण्यावर. हे दोन्ही पारखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काय बघायचं ते माहीत असलं की पुरतं.

एकच नाव, अनेक कारखाने

क्राफ्ट्समनचा इतिहास याचा उत्तम पुरावा आहे. त्याचे बरेच गोटी पाने आणि रॅचेट मॅसॅच्युसेट्समधल्या मूर ड्रॉप फोर्जिंग या कारखान्यात बनत. पुढे त्याच कारखान्याची ईस्को झाली आणि १९९०मध्ये ती डॅनाहर समूहात गेली. स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी मोठ्या प्रमाणावर कोलोराडो स्प्रिंग्जच्या वेस्टर्न फोर्जकडून येत. पान्याच्या दांड्यावर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असत. ‘व्ही’ असेल तर मूर, ‘डब्ल्यूएफ’ असेल तर वेस्टर्न फोर्ज. जुनी हत्यारं जमवणारे आजही नावाच्या आधी ही अक्षरं शोधतात. त्यांचं बरोबरच आहे, कारण घडवणाऱ्याची ओळख त्या अक्षरांतच सापडते.

कोबाल्टचीही गोष्ट अशीच. लोवेजने १९९८मध्ये हे नाव सुरू केलं तेव्हा त्याचे पाने स्नॅप-ऑनच्या मालकीची विल्यम्स कंपनी बनवत होती. स्नॅप-ऑन म्हणजे व्यावसायिक मेकॅनिकच्या दारात व्हॅन घेऊन जाणारी, महागडी आणि मानाची कंपनी. नंतर कंत्राट डॅनाहरकडे गेलं आणि पुढे बराचसा माल तैवान आणि चीनमधून येऊ लागला. म्हणजे १९९९चा कोबाल्ट आणि २०१९चा कोबाल्ट यांच्यात समान काय, तर नाव आणि निळा रंग. त्यातला एखादा दुसऱ्यापेक्षा चांगला असेलही, पण ते नावावरून सांगता येणार नाही.

दुकानाचा माल म्हणजे दुय्यम माल, हाही समज एका रॅचेटने खोटा ठरवला. आज जवळपास प्रत्येक रॅचेटच्या डोक्यावर एक बटण असतं. ते दाबलं की गोटी एका हाताने सुटते. ही युक्ती पीटर रॉबर्ट्स या तरुणाची. तो सीअर्समध्ये विक्रेता होता. १९६५मध्ये त्याला पेटंट मिळालं. सीअर्सने त्याच्याकडून हक्क घेतले ते जास्तीत जास्त १० हजार डॉलरच्या बोलीवर. त्या बटणाने किती धंदा होणार आहे याची खरी कल्पना आपल्याला दिली गेली नाही, असं म्हणत रॉबर्ट्स कोर्टात गेला आणि ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. त्या कोर्टकज्जात सीअर्सची बाजू लंगडी ठरली, पण रॅचेट लंगडं नव्हतं. दुकानाच्या नावाखाली विकलेल्या त्या हत्याराने साऱ्या जगाच्या कामाची रीत बदलली.

आधी तोंड बघा

पाना हातात घेतला की बहुतेक लोक त्याची चकाकी बघतात आणि वजन जोखतात. खरं तर सर्वांत आधी बघायचं ते त्याचं तोंड. एक साधा हिशेब करू. एम-८ बोल्टच्या डोक्याला सहसा १३ मिमीचा पाना लागतो. पान्याची लांबी १७ सेंमी धरू आणि त्याच्या टोकावर २० किलोचा जोर लावू. बोल्टच्या मध्यापासून कोपरा साडेसात मिमीवर असतो. तरफेच्या नियमाने कोपऱ्यांवर मिळून सुमारे ४५० किलोचा जोर पडतो. फिक्स पाना दोनच कोपऱ्यांवर रेटतो, म्हणजे प्रत्येकावर सव्वादोनशे किलो. रिंग पाना तोच भार सहा कोपऱ्यांत वाटतो, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७५ किलो. गंजलेल्या नटाला आधी रिंग किंवा गोटी पाना लावावा, असं जुने मेकॅनिक बजावतात ते याच कारणाने.

आता तोंड जरा सैल असेल तर काय होतं ते बघा. पाना नटावर किंचित फिरतो, सपाट बाजूवरून निसटतो आणि सगळा भार कोपऱ्याच्या अगदी टोकावर येतो. पोलाद दबतं, कोपरा मरतो, नट गोल होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात १३ मिमीच्या पान्याचं तोंड १३.०४ ते १३.२४ मिमीच्या दरम्यान असावं लागतं. नटापेक्षा किंचित मोठं हवं, नाहीतर ते बसणारच नाही. पण ही ढिलाई मिलिमीटरच्या पावभागाच्या आत राहिली पाहिजे.

दुकानात जाताना खिशात दोन-तीन नवे, चांगल्या प्रतीचे बोल्ट ठेवा. साधारण एम-६, एम-८ आणि एम-१० पुरतात. त्यांना सहसा १०, १३ आणि १७ किंवा १६ मिमीचा पाना लागतो. जपानी बनावटीच्या गाड्यांत एम-८ला १२चा आणि एम-१०ला १४चाही लागतो. पाना बोल्टवर अलगद सरकला पाहिजे आणि डावी-उजवीकडे हलवल्यावर अगदी थोडा खेळ दिसला पाहिजे. फिक्स पान्याचे दोन्ही जबडे एकमेकांना समांतर आहेत का तेही पाहा. टोकाकडे फाकलेलं तोंड कामाचं नाही. रिंगच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ रिंग दिसली तर भोक मध्यावर पाडलेलं नाही असं समजा. तो पाना पातळ बाजूनेच फुटणार.

रिंगच्या किंवा गोटीच्या आत नीट पाहिलं तर चांगल्या मालात कोपरे टोकदार नसून किंचित गोलाई देऊन मागे सरकवलेले दिसतील. त्यामुळे जोर नटाच्या कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर पडतो. स्नॅप-ऑनने १९६०च्या दशकात ही रचना रुजवली आणि आता स्वस्तातल्या दुकानी सेटमध्येही ती मिळते. ती नसेल, तर आजच्या काळात तो सेट घेण्याचं कारण उरत नाही. शिवाय बारा कोनांपेक्षा सहा कोनांची गोटी घ्यावी. बारा कोनांची गोटी नटावर चटकन बसते, पण हट्टी नट सहा कोनांचीच सोडवते.

पोलादाला दिलेलं पाणी

दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं कोरलेलं असतं आणि दुकानदार त्याकडे बोट दाखवतो. हे मिश्र पोलाद चांगलं असतं यात शंका नाही. पान्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या जातीत सुमारे अर्धा टक्का कार्बन, एक टक्का क्रोमियम आणि अगदी थोडं व्हॅनेडियम असतं. पण या पोलादाला नीट पाणी दिलं नाही तर कोरलेल्या अक्षरांना काही किंमत नाही. घडलेला पाना साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, तेलात बुडवून झटकन थंड करतात आणि मग पुन्हा बेताच्या उष्णतेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पहिल्या टप्प्यात कडकपणा येतो, दुसऱ्यात चिवटपणा. घाई होते ती बहुधा दुसऱ्या टप्प्यात, कारण भट्टी जितका वेळ चालते तितका खर्च वाढतो.

रॉकवेल मापावर चांगल्या पान्याचा कडकपणा साधारण ४० ते ४८ भरतो. पकडीच्या कापणाऱ्या धारेला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला याहून बराच जास्त लागतो. पाना प्रमाणाबाहेर कडक झाला तर तो वाकत नाही, थेट तुटतो आणि तुकडा तोंडावर उडू शकतो. मऊ राहिला तर जबडे फाकतात. वापरणाऱ्याला हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे महिनाभराच्या कामानंतर पान्याचं तोंड उजेडात धरून बघणं. आतल्या सपाट बाजूंवर नटाच्या कोपऱ्यांचे खड्डे उमटले असतील तर पोलाद मऊ आहे. कडेचा कपचा उडाला असेल तर ते ठिसूळ आहे. दोन्ही नसेल तर घडवणाऱ्याने आपलं काम केलं आहे. म्हणूनच मोठा सेट घेण्याआधी त्याच मालिकेतला एक सुटा पाना घेऊन वापरून पाहावा.

पाना घडीव आहे की ओतीव, हेही महत्त्वाचं. तापलेल्या पोलादावर साच्यात घण पडतो तेव्हा त्याचे कण पान्याच्या आकारानुसार वळतात आणि सांधा भक्कम होतो. ओतकामात हा फायदा मिळत नाही आणि आत हवेचे पोकळ फुगे राहू शकतात. घडीव पान्याच्या कडेने दोन साच्यांमधून बाहेर आलेल्या धातूची रेघ घासून काढल्याची खूण बहुधा दिसते. ती रेघ सरळ आणि मधोमध असावी. वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर साचे झिजलेले होते असं समजावं. कडा बोटाला बोचत असतील तर शेवटचा हात फिरवायलाही कुणाला वेळ नव्हता. अशा घाईने तयार झालेल्या मालात न दिसणारी कामंही नीट झाली असतील, हा भरवसा कुठून धरायचा?

चकाकीबद्दल सांगायलाच हवं. पान्यावरचा क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि गंज रोखण्याचं बरंचसं काम त्याखालचा निकेल करतो. मुलाम्याने पाना बळकट होत नाही. उलट खालचा पृष्ठभाग नीट साफ केलेला नसेल तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्या कडेने हात ब्लेडने कापावा तसा कापतो. असा पाना ताबडतोब कामातून काढून टाकावा. हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनवर चकचकीत गोटी कधीही लावू नये. गनसाठी काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या, सहसा क्रोम मॉलिब्डेनम पोलादाच्या गोट्या वेगळ्या मिळतात. ठोक्यांनी चकचकीत गोटी फुटली तर तिचे तुकडे डोळ्यापर्यंत पोचतात.

रॅचेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर

रॅचेटच्या पाकिटावर दातांची संख्या मोठ्या अक्षरात छापतात. ३६ दातांचं रॅचेट पुढच्या दातावर जायला १० अंश मागे न्यावं लागतं, ७२ दातांचं ५ अंश आणि ९० दातांचं ४ अंश. इंजिनाच्या अडचणीच्या जागेत हा फरक फार मोलाचा ठरतो. पण त्याच घेरात दात वाढले की प्रत्येक दात लहान होतो आणि भार किती दातांना पकडून पेलायचा हे आतल्या खटक्याच्या रचनेवर अवलंबून राहतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नये. नट बोटांनी दोन-तीन आटे फिरवून सैल ठेवा आणि त्यावर रॅचेट चालवून पाहा. परतीच्या हालचालीत नटच मागे फिरत असेल तर आतला खटका जड आहे. दिशा बदलायची कळ खटकन बसते का आणि डोकं डुगडुगतं का तेही पाहा. आतल्या दुरुस्तीचे सुटे भाग मिळतात का, हे विकणाऱ्याला नक्की विचारा. वर्षानुवर्षं वापरायचं रॅचेट सुटे भाग मिळाले तरच टिकतं.

पक्कड बंद करून उजेडाकडे धरावी. धारेच्या पूर्ण लांबीत कुठेही उजेड दिसता कामा नये. कागदाचा तुकडा धारेच्या टोकाशी कापून पाहावा, कारण हलक्या पकडीची धार मधे जुळते आणि टोकाला उघडी राहते. खिळा आवळ आणि तरी सहज फिरणारा हवा. आणि एक गोष्ट जिवाशी निगडित आहे, तिथे तडजोड नको. पकडीच्या मुठीवरचं लाल किंवा पिवळं प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. विद्युतकामाच्या हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे मानक आहे, आणि ते पाळणाऱ्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्टचा उल्लेख असतो. ती खूण नसलेली पक्कड चालू तारेला लावू नये.

चौफुली स्क्रू ड्रायव्हर घेताना आपली गाडी लक्षात ठेवावी. जपानी बनावटीच्या दुचाक्यांवर बऱ्याचदा जपानी मानकाचे स्क्रू असतात. दिसायला ते नेहमीच्या फिलिप्ससारखेच, पण फिलिप्सचं टोक त्यांच्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की ते उसळून बाहेर येतं आणि खाच खराब करतं. असा स्क्रू एकदा बिघडला की साध्या कामाचा अर्धा दिवस जातो. हा दोष हत्याराच्या प्रतीचा नसून निवडीचा असतो, आणि मेकॅनिक मात्र उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

टॉर्क रेंच हे एकच हत्यार असं आहे की जिथे दुकानाच्या नावापेक्षा कागद महत्त्वाचा. आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला चार टक्के इकडे किंवा तिकडे एवढीच चूक माफ असते. पाकिटात त्या विशिष्ट रेंचच्या क्रमांकाचं तपासणीपत्र असेल तर घ्यावं. नसेल तर सिलिंडर हेडच्या बोल्टसाठी त्यावर विसंबू नये.

हमी म्हणजे काय

सीअर्सने क्राफ्ट्समनवर आयुष्यभराची हमी दिली. पावतीशिवाय मोडका पाना आणा आणि नवा घेऊन जा, या वचनावर सीअर्सने अमेरिकेचा विश्वास जिंकला. आज बहुतेक दुकानी नावं असंच वचन देतात. यामागचा हिशेब सरळ आहे. हजारो पान्यांमागे थोडेच मोडतात, त्यातले थोडेच परत येतात आणि नवा पाना देण्याचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी असतो. या वचनात फसवणूक नाही. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. हमी पाना बदलून देते. गोल झालेला नट, सोललेली बोटं आणि ताटकळलेलं गिऱ्हाईक यांची भरपाई ती देत नाही. शिवाय हमी देणारं दुकान टिकलं पाहिजे. सीअर्स २०१८च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली. क्राफ्ट्समनचं नाव आधीच दुसऱ्याकडे गेलेलं होतं म्हणून ते वाचलं. नव्या मालकाने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे हे पाने पुन्हा अमेरिकेत घडवण्यासाठी यंत्रचलित कारखाना उभारला, पण २०२३मध्ये तो बंद करावा लागला. चांगला पाना सातत्याने आणि परवडेल अशा किमतीत घडवणं किती अवघड आहे, हे यावरून कळावं.

ज्यांचे नातेवाईक परदेशातून सेट आणतात, त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हमी तिथल्या दुकानापुरती असते आणि पुण्यात किंवा पणजीत ती वापरता येत नाही. दुसरं, अमेरिकन सेटमध्ये अर्धी मापं इंची असू शकतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तो १३च्या नटावर बसतच नाही. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिमी, तो १४च्या नटावर सैल बसतो आणि कोपरे मारतो. आपल्या गाड्यांना जवळपास सगळीकडे मेट्रिक मापंच लागतात, म्हणून निव्वळ मेट्रिक सेट मागवावा.

आपल्या बाजारात

आपल्याकडे मेकॅनिकचा विश्वास बहुतेक करून घडवणाऱ्या कारखान्याच्या नावावर बसला आहे. नाशिकच्या तापडिया टूल्सने १९६९मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या गॅरेजात तिची पक्कड पोचली. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही हत्यारांची मोठी केंद्रं आहेत, आणि तिथला माल परदेशी नावांखालीही विकला जातो. आता ऑनलाइन दुकानांमुळे आपल्याकडेही दुकानी नावांचे सेट घरपोच येऊ लागले आहेत. ग्राहकाच्या हातात यावर एक चांगलं साधन आहे. वेष्टनबंद मालाविषयीच्या २०११च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं, आवेष्टकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता छापावा लागतो, आणि आयात मालावर तो कुठल्या देशात बनला तेही. सेट हातात आला की पुढचं झगमगीत नाव बाजूला ठेवून मागचा बारीक मजकूर वाचा. पुढच्या वर्षी तोच सेट घ्याल तेव्हाही वाचा, कारण दरम्यान कारखाना बदललेला असू शकतो.

पैसे बेताचे असतील तर रिंग पाने, गोट्या, एक्स्टेन्शन आणि ॲलन की दुकानी नावाच्या घ्यायला हरकत नाही, वरच्या कसोट्या लावून. बचत करू नये ती रॅचेट, टॉर्क रेंच, ब्रेकच्या नळीचा पाना आणि विद्युतकामाच्या पकडीवर. काम करता करता कुठला पाना सर्वांत जास्त हाती येतो ते कळतं. त्याची झीज झाली की त्या एकाच मापाचा, मिळेल त्यातला उत्तम पाना घ्यावा. अशा रीतीने जमलेली पेटी एकाच नावाच्या चकचकीत सेटपेक्षा कामाला अधिक पक्की असते.

दुकानांकडून आपण मागायला हवी अशी एक साधी गोष्ट आहे. दांड्यावर घडवणाऱ्याची खूण आणि कुठल्या मानकानुसार तपासणी झाली त्याचा क्रमांक, दोन्ही कोरलेले असावेत. मूर आणि वेस्टर्न फोर्जच्या काळात खूण तरी कोरली जात होती, म्हणजे ते अशक्य नाही. दिवसभर गाडीखाली पडून काम करणाऱ्या माणसाला आपल्या हातातलं पोलाद कुणी घडवलं हे जाणण्याचा हक्क आहे, आणि ते विचारणारे ग्राहक वाढले तरच दुकानं ते सांगू लागतील.